भाजल्यावरची पहिली २० मिनिटे

भाजलेल्या जागेवर साधे, गार, वाहते पाणी सलग २० मिनिटे सोडणे हा भाजण्यावरचा खरा प्रथमोपचार आहे. चहा अंगावर सांडला असो, कढईतले तेल उडाले असो, मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका बसला असो की फटाका हातातच फुटला असो, सुरुवात पाण्यानेच करायची असते. ती ताबडतोब करता आली तर उत्तमच, परंतु भाजल्यापासून तीन तासांच्या आत केव्हाही केली तरी तिचा उपयोग होतो, असे भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणारे तज्ज्ञ आता मानतात. अडचण अशी की हा उपाय इतका साधा आहे की घाबरलेल्या माणसांना तो उपाय वाटतच नाही. ‘काहीतरी लावा’ असे चारही बाजूंनी सांगितले जाते, नळाखालचा हात दोन मिनिटांत बाहेर निघतो आणि त्यावर टूथपेस्ट थापली जाते. पाणी इतका वेळ का आणि त्यानंतर काही लावायचे का नाही, हे कळण्यासाठी आधी त्वचेत काय घडते ते पाहावे लागेल.

आपल्या त्वचेचे मुख्य थर दोन. वरची पातळ बाह्यत्वचा सतत झिजते आणि सतत नव्याने तयार होते. तिच्याखालची जाड अंतस्त्वचा अधिक महत्त्वाची, कारण रक्तवाहिन्या, वेदना जाणणारी मज्जातंतूंची टोके, घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळे तिच्यात असतात. भाजलेली जखम भरते तेव्हा नवी त्वचा प्रामुख्याने या मुळांच्या आणि ग्रंथींच्या भोवतालच्या पेशींपासून उगवते. त्यामुळे अंतस्त्वचेचा किती भाग शाबूत राहिला यावर सगळे अवलंबून असते. पुरेसा राहिला तर जखम दहा-बारा दिवसांत फारसा डाग न ठेवता भरते. राहिला नाही तर ती आठवडेच्या आठवडे रेंगाळते आणि शेवटी मांडीवरची त्वचा काढून तिथे लावावी लागते.

इजा किती खोल जाईल हे तापमानावर जसे ठरते, तसेच ते तापमान त्वचेवर किती वेळ टिकले यावरही ठरते. मॉरिट्झ आणि हेन्रिकेस या अमेरिकी संशोधकांनी १९४७ मध्ये हे मोजून दाखवले. ४४ अंश सेल्सिअसला त्वचेला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात, ६० अंशांना पाचेक सेकंद पुरतात आणि ७० अंशांना एक सेकंदही पुरेसा होतो. बंबातले किंवा गीझरमधले पाणी ६० अंशांपर्यंत सहज जाते, आणि हीटरची कांडी टाकून विसरलेल्या बादलीतले पाणी त्याच्याही पुढे जाते. लहान मुलांची त्वचा पातळ असल्यामुळे त्यांच्या बाबतीत हे सेकंद आणखी कमी होतात. आंघोळीच्या बादलीत आधी गार पाणी घ्यावे आणि मगच गरम ओतावे, या सवयीमागचे कारण हेच आहे. उलट, फारसे गरम नसलेले रबरी पिशवीतले पाणी मधुमेह असलेल्या वृद्धाच्या बधिर पायावर तासभर राहिले, तर त्याला काही न कळताच खोल जखम होऊ शकते.

भाजण्याचे कारण दूर झाले की इजा थांबली, अशी आपली समजूत असते. ती खरी नाही. गॅस बंद केल्यावरही कुकरमधला भात आतल्या उष्णतेवर शिजत राहतो, तशी त्वचेत साठलेली उष्णता खालच्या थरांकडे सरकत राहते. बर्मिंगहॅममधील डग्लस जॅक्सन या शल्यचिकित्सकांनी १९५३ मध्ये भाजलेल्या जखमेचे तीन भाग सांगितले, आणि ते वर्णन आजही वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवले जाते. अगदी मधल्या भागातल्या पेशी जागीच मेलेल्या असतात आणि त्यांना कोणीही वाचवू शकत नाही. सर्वांत बाहेरचा भाग नुसता लाल होतो आणि आपोआप बरा होतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यातल्या पेशी मात्र जिवंत असूनही संकटात असतात, कारण तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला प्रवाह मंदावलेला असतो. पुढच्या एक-दोन दिवसांत हा पट्टा एकतर सावरतो किंवा मरून जातो, आणि मेला तर जखम रुंद आणि खोल होते. आज वरवरची वाटणारी जखम तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना खोल दिसते ती याच कारणाने. प्रथमोपचाराची सगळी धडपड या मधल्या पट्ट्यासाठी असते.

वाहते पाणी त्या पट्ट्यासाठी दोन कामे करते. एक तर ते उष्णता ओढून घेऊन वाहून नेते; म्हणूनच ते वाहते असावे लागते, कारण एकदा वाटीत बुडवलेल्या बोटाभोवतीचे पाणी लवकरच कोमट होते. दुसरे काम कमी ठाऊक असते. पेशींना इजा झाल्यावर तिथे सूज आणणारी रासायनिक प्रक्रिया सुरू होते आणि गारव्याने ती मंदावते. भाजून तासभर झाल्यावर, त्वचा हाताला गरम लागत नसतानाही पाणी सोडण्याचा फायदा होतो, तो यामुळेच. वेदना कमी होतात हा तर रुग्णाला लगेच जाणवणारा लाभ. वीस मिनिटे हा काळ मात्र अंदाजाने मोजता येत नाही. रडणाऱ्या मुलाचा हात नळाखाली धरलेल्या माणसाला पाच मिनिटेही अर्ध्या तासासारखी भासतात, त्यामुळे घड्याळ लावूनच मोजावे.

पाणी गार हवे, बर्फाचे नको. साधारण १५ अंश सेल्सिअसचे पाणी सर्वांत चांगले मानतात, पण त्यापेक्षा थोडे कमी-जास्त असले तरी चालते. इथे आपल्याकडची एक अडचण सांगितली पाहिजे, कारण परदेशी पुस्तिकांमध्ये ती सापडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून चटका बसेल इतके गरम येते. असे पाणी थेट जखमेवर सोडू नये. नळ थोडा वेळ वाहू देऊन पाहावे, नाहीतर माठातले, रांजणातले किंवा विहिरीचे पाणी तांब्याने संथ धारेने ओतत राहावे. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे वीस मिनिटे नळ वाहता ठेवणे हा सल्ला चेष्टेसारखा वाटेल. अशा ठिकाणी स्वच्छ सुती फडके गार पाण्यात भिजवून जखमेवर ठेवावे आणि दर एक-दोन मिनिटांनी बदलावे. वाहत्या पाण्याइतका याचा परिणाम होत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा हे पुष्कळ चांगले. चेहरा भाजला असेल तर अशाच ओल्या फडक्यांचा उपयोग होतो. धार जोराची नसावी, आणि शक्य असल्यास ती जखमेच्या थोडी वरच्या बाजूला सोडून जखमेवरून वाहू द्यावी.

बर्फ का नको, हेही आता समजेल. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ज्या मधल्या पट्ट्याला रक्ताची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचेच रक्त तुटते. शिवाय भाजलेल्या त्वचेला थंडीचीही इजा होते. फ्रीजमधल्या जेलच्या पिशव्यांनाही हेच लागू आहे.

पाणी चालू असतानाच दुसऱ्या माणसाने अंगावरच्या वस्तू उतरवाव्यात. भाजलेल्या भागाला तासाभरातच सूज येऊ लागते आणि मग बांगड्या, अंगठ्या, जोडवी, घड्याळ, मनगटाचा गंडा, बाळाच्या कमरेचा करदोटा हे सगळे आवळू लागतात. सुजलेल्या बोटात रुतलेली अंगठी पुढे कापूनच काढावी लागते आणि तोवर बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात आलेला असतो. गरम द्रवाने भिजलेले कपडे आणि मोजे ताबडतोब काढावेत, कारण ते उष्णता धरून ठेवतात. तान्ह्या मुलाचे डायपर तर आधी काढावे. आत शोषलेले गरम पाणी बाहेरून दिसत नाही. कापड त्वचेला चिकटलेले असेल तर मात्र ओढू नये. आजूबाजूचा सुटा भाग कात्रीने कापून घ्यावा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्यावा.

एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. गार करायची ती जखम, संपूर्ण माणूस नव्हे. त्वचा गेलेल्या शरीरातून उष्णता वेगाने निघून जाते, आणि लहान मूल किंवा मोठ्या प्रमाणावर भाजलेला माणूस पाण्याखाली फार वेळ राहिला तर त्याचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. म्हणून बाकीचे अंग कोरड्या चादरीने झाकावे. छाती, पाठ, दोन्ही पाय असा मोठा भाग भाजलेला असेल आणि रुग्ण कुडकुडू लागला तर पाणी थांबवून त्याला पांघरूण घालावे आणि रुग्णालयात हलवण्याची घाई करावी.

काय लावू नये

या बाबतीत आपल्या घरांची यादी बरीच लांब आहे: टूथपेस्ट, हळद, तूप, लोणी, खोबरेल, मध, अंड्यातला पांढरा बलक, शाई, गव्हाचे पीठ, किसलेला बटाटा, कांद्याचा रस, आणि काही ठिकाणी ओली माती किंवा शेणही. यातल्या प्रत्येकाचा कोणाला तरी गुण आलेला असतो, कारण वरवरचे चटके काहीही लावले, किंवा काहीच लावले नाही, तरी आठवड्याभरात बरेच होतात आणि श्रेय मात्र लावलेल्या वस्तूला मिळते. तेल-तुपाचा थर उष्णता आत कोंडतो. पीठ, माती आणि शेण जंतू घेऊन येतात. शेण-मातीत तर धनुर्वाताचे जंतू असतात. हळद, शाई आणि पिवळी मलमे जखमेचा रंगच झाकून टाकतात, आणि जखम गुलाबी आहे, पांढरी आहे की तपकिरी आहे हे पाहूनच डॉक्टर तिची खोली ठरवत असतात. मग रुग्णालयात पहिला अर्धा तास हा लेप खरवडून काढण्यात जातो आणि त्याच्या वेदना रुग्णाला सोसाव्या लागतात. भाजण्यासाठी दुकानात मिळणारी चांदीच्या क्षाराची पांढरी मलमेही डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी लावू नयेत. त्यांचाही जखमेवर साका जमतो.

घरगुती वस्तूंना नाक मुरडणे हा यामागचा हेतू नाही. मुंबईतच डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८० च्या दशकात उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या मुलांसाठी वापरून पाहिली होती, आणि पुढे शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाच्या पट्टीचा अभ्यास केला. ही पाने जखमेला चिकटत नाहीत, त्यामुळे पट्टी बदलताना त्रास कमी होतो आणि खर्चही नगण्य असतो. परंतु या साली आणि ही पाने निर्जंतुक करून, स्वच्छ केलेल्या जखमेवर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठेवली जात होती. परसातले पान तोडून जखमेवर ठेवणे किंवा कच्चा बटाटा किसून लावणे ही वेगळी गोष्ट आहे.

फोड आले असतील तर ते फोडू नयेत. फोडाचे आवरण ही तात्पुरती का होईना, पण शरीराने स्वतः तयार केलेली पट्टी असते. कोणता फोड काढायचा आणि कोणता ठेवायचा हा निर्णय डॉक्टरांचा.

पाण्यानंतर जखम फक्त झाकायची. स्वयंपाकघरातली अन्न गुंडाळण्याची पारदर्शक प्लास्टिकची फिल्म यासाठी उत्तम असते, कारण ती चिकटत नाही, हवा लागून होणारी आग थांबवते आणि तिच्यातून जखम पाहता येते. रीळावरचा पहिला वेढा टाकून द्यावा आणि फिल्म जखमेवर नुसती पसरून ठेवावी. हातापायाभोवती घट्ट गुंडाळली तर सूज आल्यावर तीच फास बनते. ती नसेल तर धुतलेले मऊ सुती कापड, जुने धोतर किंवा पंचा चालेल. कापूस थेट लावू नये, त्याचे तंतू जखमेत अडकतात. भाजलेला हात उशीवर उंच ठेवल्यास सूज कमी येते. वेदनेसाठी वयाला आणि वजनाला योग्य अशा मात्रेत पॅरासिटामॉल देता येते.

आग, धूर, चुना आणि वीज

पाण्याआधी काहीतरी दुसरे करावे लागते, असे काही प्रसंग आहेत. कपड्यांनी पेट घेतला की माणूस धावत सुटतो, आणि धावण्याने ज्वाळांना अधिक वारा मिळतो. उभ्या माणसाच्या ज्वाळा वर चढून चेहऱ्यापर्यंत आणि श्वासापर्यंत पोहोचतात, म्हणून त्याला आधी जमिनीवर आडवे करायचे, मग लोळवायचे. जवळ पाणी असेल तर ते ओतावे. नसेल तर घोंगडी किंवा सुती सतरंजी त्याच्यावर टाकून ज्वाळा दाबाव्यात. लोकर सहजासहजी पेटत नाही. पॉलिस्टरची चादर मात्र वितळून त्वचेला चिकटते. साडी नेसलेल्या स्त्रीचा पदर आणि निऱ्या क्षणात पेट घेतात, त्यामुळे पदर विझवत बसण्याऐवजी साडी सोडून टाकता आली तर ती सोडावी. इथे संकोच जिवावर बेततो. गॅस गळतीचा वास येत असेल तर दिवा लावूही नये आणि बंदही करू नये. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठतो, म्हणून रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर पडून १९०६ या क्रमांकावर कळवावे.

बंद खोलीतल्या आगीतून बाहेर काढलेल्या माणसाची त्वचा फारशी भाजलेली नसली तरी तो गंभीर रुग्ण असू शकतो. नाकातले केस जळलेले, थुंकीत काजळी, आवाज घोगरा झालेला, यांपैकी काहीही दिसले तर श्वासमार्गाच्या आतल्या बाजूला सूज येत असल्याची शक्यता असते. ती काही तासांत वाढून श्वास बंद करू शकते, त्यामुळे ‘आता बोलतोय ना नीट’ म्हणून घरी थांबू नये. त्याला बसते ठेवावे आणि रुग्णालयात न्यावे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो, आणि कोविडच्या साथीपासून घरोघरी आलेले बोटाला लावायचे यंत्र तो वायू आणि प्राणवायू यांत फरक करू शकत नाही. यंत्रावर ९८ आकडा दिसत असतानाही माणूस गुदमरत असू शकतो.

रसायनांच्या बाबतीत पाणी आणखी जास्त वेळ लागते. संडास साफ करण्याचे आम्ल अंगावर सांडले तर कपडे काढून निदान अर्धा तास तरी भरपूर पाणी सोडत राहावे. मदत करणाऱ्याने आपल्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालाव्यात. आम्लावर सोडा किंवा चुन्यासारख्या अल्कावर लिंबू टाकून त्याचा जोर ‘मारण्याचा’ प्रयत्न करू नये, कारण त्या प्रक्रियेतून उष्णता निर्माण होते आणि भाजण्यात भरच पडते. कळीचा चुना अंगावर पडला असेल तर आधी कोरडाच झटकावा आणि मगच मुबलक पाण्याने धुवावे, कारण थोडे पाणी लागले की तो तापतो. बिब्बा उतल्यावर येणारे काळपट फोड हाही रासायनिक भाजण्याचाच प्रकार आहे. तेल लागल्याचे लक्षात येताच साबण-पाण्याने धुणे एवढेच घरी करावे.

चुन्याचा सर्वांत वाईट प्रकार डोळ्यांशी संबंधित आहे, आणि तो आपल्याकडे अगदी ओळखीचा असूनही त्याबद्दल पुरेसे बोलले जात नाही. तंबाखूबरोबर मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी किंवा नळी घरात कुठेही पडलेली असते, लहान मूल ती हातात घेऊन दाबते, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. आम्ल ज्या पेशींना स्पर्श करते त्या गोठवून टाकते आणि त्यामुळे स्वतःच पुढे जायला अडते. चुन्यासारखा अल्क मात्र पेशी विरघळवत आत शिरत राहतो आणि बुबुळ कायमचे पांढरे करू शकतो. इथे एका मिनिटाचेही मोल आहे. मुलाचे डोके भाजलेल्या डोळ्याच्या बाजूला कलते करून, पापण्या बोटांनी उघड्या धरून, तांब्याने किंवा नळाने निदान ३० मिनिटे पाणी सोडावे. वरच्या पापणीच्या आत चुन्याचा गोळा अडकून राहतो. दिसला तर ओल्या स्वच्छ कापडाच्या टोकाने अलगद टिपून घ्यावा. डोळा चोळू देऊ नये, गुलाबपाणी, तूप, दूध यातले काहीही घालू नये, आणि तिथून सरळ नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मूल रडून आकांत करते आणि आईबापांचा हात थांबतो. पण हे धुणे अर्धवट सोडले तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत चुना आपले काम करत राहतो.

विजेच्या धक्क्यात आधी प्रवाह तोडायचा, माणसाला हात नंतर. मुख्य स्विच बंद करावा. ते शक्य नसेल आणि प्रवाह घरगुती असेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला तारेपासून दूर करावे. उच्च दाबाची तार शेतात तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नये, लाकडी काठी घेऊनही नाही. महावितरणला कळवून पुरवठा बंद झाल्याची खात्री होईपर्यंत लांब थांबावे. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देणे सुरू करावे. विजेची जखम फसवी असते. हातावर एक छोटा काळा ठिपका आणि तळपायाला दुसरा, एवढेच बाहेरून दिसते, पण त्या दोन टोकांच्या मधले स्नायू आतून भाजलेले असू शकतात आणि हृदयाचा ठोका काही तासांनीही बिघडू शकतो. म्हणून जखम कितीही लहान असली तरी हृदयाचा आलेख काढून घ्यायलाच हवा. नंतर लघवी चहासारखी काळपट झाली तर मृत स्नायूंमधले द्रव्य मूत्रपिंडांत जात असल्याची ती खूण असते.

रुग्णालयात कधी जायचे

जखमेची खोली ओळखण्याचा एक नियम सामान्य समजुतीच्या उलट आहे: जी जखम खूप दुखते ती सहसा कमी खोल असते. नुसती लाली आणि आग असेल तर इजा बाह्यत्वचेपुरती आहे. फोड, ओलसर गुलाबी तळ आणि तीव्र वेदना असतील तर ती अंतस्त्वचेपर्यंत पोहोचली आहे, पण मज्जातंतूंची टोके जिवंत आहेत. पांढरी, मेणचट किंवा तपकिरी, चामड्यासारखी कडक आणि स्पर्श न कळणारी जखम संपूर्ण त्वचा जळाल्याचे सांगते. ‘फार दुखत नाही, म्हणजे किरकोळ आहे’ या समजुतीने अशाच रुग्णांना उशीर होतो.

किती भाग भाजला हे मोजायला रुग्णाचा स्वतःचा तळहात वापरावा. बोटांसकट त्याचा तळहात म्हणजे त्याच्या शरीराच्या पृष्ठभागाचा सुमारे एक टक्का. मोठ्या जखमांसाठी वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलेला नऊचा नियम आहे: डोके व मान ९ टक्के, प्रत्येक हात ९, धडाची पुढची बाजू १८, पाठ १८, प्रत्येक पाय १८ आणि जननेंद्रिय १. तान्ह्या बाळाचे डोके प्रमाणाने मोठे असल्यामुळे त्याला एकट्यालाच जवळपास १८ टक्के धरावे लागतात आणि पायांना सुमारे १४-१४. या मोजणीत नुसता लाल झालेला भाग धरत नाहीत.

प्रौढ माणूस १० टक्क्यांहून किंवा मूल ५ टक्क्यांहून अधिक भाजले असेल तर घरी थांबण्याचा प्रश्नच नाही. चेहरा, हात, पाय, सांधे आणि जननेंद्रिय यांवरची फोड आलेली जखम, हातापायाला वेढून टाकणारी जखम, खोल जखम, तसेच रसायन, वीज किंवा धूर यांची इजा लहान असली तरी ती तज्ज्ञांनी पाहावी. तान्ही मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि मधुमेही यांच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली आणावी. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळते, तर ११२ देशभर चालतो. ऐरोलीचे नॅशनल बर्न्स सेंटर किंवा भायखळ्याचे मसिना रुग्णालय यांसारखी खास केंद्रे थोडीच आहेत, त्यामुळे दूरच्या केंद्राकडे स्वतःच्या गाडीने थेट निघण्यापेक्षा आधी जवळच्या रुग्णालयात सलाइन सुरू करून घेऊन मग पुढे हलवणे शहाणपणाचे. पोलीस येईपर्यंत उपचार करणार नाही, असे कोणतेही रुग्णालय म्हणू शकत नाही. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे की जीव वाचवणे हे डॉक्टरांचे पहिले कर्तव्य आहे आणि कायदेशीर सोपस्कार त्यानंतर.

डॉक्टरांना द्यायची सर्वांत मोलाची माहिती म्हणजे नेमके किती वाजता भाजले. मोठ्या जखमेत रक्तवाहिन्या गळक्या होतात आणि रक्तातले पाणी सुजेत निघून जाते, म्हणून पहिल्या २४ तासांत भरपूर सलाइन द्यावे लागते. त्यातले निम्मे पहिल्या आठ तासांत द्यायचे असते, आणि हे आठ तास रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्हे, तर भाजल्याच्या क्षणापासून मोजतात. रुग्णाचे वजन, भाजण्याचे कारण, किती वेळ पाणी सोडले आणि धनुर्वाताची शेवटची लस कधी घेतली, हेही सांगावे. भूल देण्याची वेळ येऊ शकते, म्हणून मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णाला वाटेत काही खायला देऊ नये.

छोटी जखम घरीच बरी होत असेल तरी पहिले काही दिवस तिच्यावर लक्ष हवे. भोवतालची लाली पसरणे, पू, दुर्गंधी किंवा कमी झालेल्या वेदना पुन्हा वाढणे ही जंतुसंसर्गाची लक्षणे आहेत. लहान मुलांमध्ये आणखी एक दुर्मीळ पण घातक प्रकार घडतो: जखम किरकोळ आणि स्वच्छ दिसत असतानाच दोन-चार दिवसांत ताप, अंगावर पुरळ, उलट्या किंवा जुलाब आणि मरगळ सुरू होते. जखमेत वाढलेल्या जंतूंचे विष रक्तात मिसळल्याने हे होते आणि अशा मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे लागते. दोन आठवड्यांत न भरलेली जखम पुढे जाड, उंच वण सोडण्याची शक्यता फार असते, म्हणून तिथे थांबून न पाहता प्लास्टिक सर्जनला दाखवावी. जखम पूर्ण भरल्यावर नवी त्वचा कोरडी पडते आणि खाजते. तेव्हा मात्र खोबरेल तेल चोळायला हरकत नाही, आणि वर्षभर तिला उन्हापासून जपावे. बोटे, कोपर, गुडघा किंवा मान यांवरचा वण आक्रसत जाऊन सांधा वाकडा करतो, त्यामुळे या जागांची हालचाल आणि व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने लवकर सुरू करावे लागतात, बऱ्याचदा पट्ट्या सुटण्याच्याही आधी.